आधी कोणाला दिसले?

आमच्या बाकांवर बसलेल्यांना मुलाचे वय विचारले की उत्तर महिन्यांत येते. सात महिने, चौदा महिने, फार तर 'दोन पूर्ण व्हायचेत'. शेजारच्या ओपीडीत मोतीबिंदूवाल्या आजीआजोबांची रांग, आणि आमच्याकडे दुपटी, दुधाच्या बाटल्या, गालावरची काजळाची तीट. मी या विभागात समुपदेशक आहे. डॉक्टरांनी निदान सांगितल्यावर आईबाप ज्या खोलीत येऊन बसतात, ती माझी. आजाराचे नाव रेटिनोब्लास्टोमा. पहिल्या दिवशी ते कोणाला धड उच्चारता येत नाही. महिनाभरात तीच माणसे 'आरबी' म्हणू लागतात आणि केमोची सायकल, एमआरआय, भूल देऊन तपासणी हे शब्द बाजारहाटाच्या सहजतेने वापरतात.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होणारा हा कर्करोग साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. म्हणजे दुर्मीळच. पण आपल्याकडे जन्मच इतके, की भारतात दरवर्षी अंदाजे दीड ते दोन हजार नवे रुग्ण होतात. जवळजवळ सगळे पाच वर्षांच्या आतले. गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर हा आजार लहान मुलांच्या कर्करोगांत सर्वांत चांगला बरा होणाऱ्यांपैकी. श्रीमंत देशांत 95 टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. तीच गाठ डोळ्याच्या नसेवरून मेंदूकडे सरकली किंवा डोळ्याबाहेर आली, की सगळे अवघड होऊन बसते. त्यामुळे कोणतीही नवी फाइल उघडताना आमचा पहिला प्रश्न 'कधीपासून?' हाच असतो.

या प्रश्नाचे उत्तर नीट नोंदवायचे असे विभागाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. संशोधन म्हटले की लोकांना सूक्ष्मदर्शक आणि परीक्षानळ्या आठवतात. माझ्याजवळ होता छापील फॉर्म, पेन आणि आईबापांनी दिलेला वेळ. पहिले लक्षण कोणते, ते आधी कोणाला दिसले, त्या माणसाने कोणाला सांगितले, ऐकणारा काय म्हणाला, थेंब घालून पडदा पहिल्यांदा कधी तपासला. तारखा कोणाला आठवत नसत. 'पोळ्याच्या आधी', 'गौरी जेवल्या त्या रात्री', 'जावळ काढलं तेव्हा', 'कारखान्यावर जायच्या आधी' अशी उत्तरे यायची. शेवटी मी मागच्या काही वर्षांची कालनिर्णय जमवून भिंतीला टांगली. आई पाने उलटायची, सणावर बोट ठेवायची आणि फॉर्मला तारीख मिळायची.

विभागातल्या बहुतेकांची अटकळ अशी होती की खेड्यापाड्यांत हे लक्षण लोकांच्या नजरेतच येत नाही. फॉर्म वेगळेच सांगू लागले. 'आधी कोणाला दिसले' या रकान्यात पुन्हा पुन्हा 'आई' लिहावे लागले. कुठे तेल लावून अंघोळ घालणारी आजी, कुठे बाळाला खेळवणारी मामी. रात्री मंद दिव्यात दूध पाजताना बाहुलीच्या आत काहीतरी चमकल्यासारखे त्यांना दिसले होते. लातूरकडची एक आई म्हणाली, "दिव्याकडं तिरकं बघितलं की मांजरावाणी चमकायचं, सरळ बघितलं की काहीच नाही." याहून नेमके वर्णन डॉक्टरांच्या पुस्तकातही नसेल. उजेड कमी असताना बाहुली मोठी होते आणि गाठीवरून परतणारा प्रकाश ठरावीक कोनातूनच दिसतो. दिवसा समोरून पाहणाऱ्याला तोच डोळा निरोगी वाटतो. आई बाळाला सगळ्या उजेडांत आणि सगळ्या कोनांतून पाहते, म्हणून तिला आधी दिसते.

दिसलेले तिने सांगितलेही होते, बहुधा त्याच आठवड्यात. पुढचा रकाना भरताना मात्र माझा हात जड व्हायचा. 'आजोबांचे डोळे घारे होते, त्यांच्यावर गेलाय.' 'तिरळा पोरगा नशीबवान असतो.' 'दात येतायत, होतं असं.' 'तुला काहीही दिसतं.' यातले शेवटचे वाक्य नव्या सुनांनी सगळ्यात जास्त ऐकलेले. मग दृष्ट काढणे, अंगारा, मेडिकलमधून मागून आणलेले थेंब. दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांची गोष्टही फार वेगळी नसे. कुणी टॉर्च मारून 'ठीक आहे' म्हटले, कुणी लाल डोळ्यावर औषध दिले, कुणी तिरळेपणाचे ऑपरेशन मोठेपणी करू म्हणाले. बाहुली थेंबांनी मोठी करून पडद्यापर्यंत न पाहता दिलेला दिलासा सर्वांत महागात पडतो, कारण त्यानंतर घरात तो विषयच बंद होतो. आईने पुन्हा तोंड उघडले की उत्तर तयार असते: 'डॉक्टरांनी सांगितलंय ना?'

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आयांना पाहायला शिकवण्याचे आम्हाला फारसे काम उरलेले नाही. काम आहे ते त्यांचे ऐकणाऱ्यांवर.

मोबाइलमधल्या फोटोंनी ही गोष्ट आणखी उघड केली. फ्लॅशचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परत येताना लालसर होतो. जुन्या फोटोंत पाहुण्यांचे डोळे लाल दिसायचे ते त्यामुळेच. मध्ये गाठ असेल तर तो पांढरा परततो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. त्यांनी घरचे जुने फोटो चाळले, तर निदानाच्या कितीतरी आधीपासून बाहुली पांढरी दिसत होती. पुढे त्यांच्या गटाने फोटोंतली ही खूण ओळखणारे ॲप तयार केले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 40 मुलांचे 50 हजारांहून अधिक फोटो होते. डोळ्याचा आजार असलेल्या 20 मुलांपैकी 16 जणांच्या निदानापूर्वीच्या फोटोंत ॲपला ती खूण सापडली, सरासरी 1.3 वर्षे आधी.

आमच्याकडचे पालक स्वतःहून फोन पुढे करतात. मी मात्र उपचार मार्गी लागेपर्यंत फोटोंचा विषय काढत नाही. बोटाने एकेक महिना मागे सरकवत जाताना बापाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. दाखवणाऱ्यांना सावधही करावे लागते. एका फोटोत बाहुली पांढरी आली म्हणजे कर्करोगच असे नसते. मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचा दुसरा आजार असू शकतो. बाळ जरा तिरके पाहत असेल तर नसेच्या मुखावरून उजेड परतून निरोगी डोळाही पांढरा दिसतो. उलट, फोटो स्वच्छ आला म्हणून डोळा स्वच्छ असेही नाही. बाळाला तपासायला न्यायला कारण मिळाले, एवढाच त्या फोटोचा अर्थ.

एका तालुक्याच्या गावी आम्ही फोटोग्राफरांची छोटी बैठक घेतली. बारसे, जावळ, पहिला वाढदिवस, सगळे त्यांच्याच कॅमेऱ्यातून जाते. पडद्यावर नमुन्याचे फोटो दाखवल्यावर मागून एक जण म्हणाला, "मॅडम, असे डोळे येतात कधी कधी. आम्ही कॉम्प्युटरवर काळे करून देतो, नाहीतर गिऱ्हाईक नाराज होतं." तो आपल्या कामाची सफाई सांगत होता. मी त्याला एवढेच म्हटले, "अल्बमसाठी काळे करा, पण आधी मूळ फोटो बाळाच्या आईला दाखवा." त्या बैठकीनंतर फोटोग्राफर आमच्या कार्यक्रमाच्या यादीत कायमचे आले.

आधीची जागृती म्हणजे पोस्टर होते. पांढरी बाहुली, लाल अक्षरे, खाली फोन नंबर. लोक थांबून बघायचे आणि पुढे जायचे, कारण त्या दिवशी त्यांच्या घरातले लेकरू धडधाकट असायचे. जगभरचा रेटिनोब्लास्टोमा जागृती सप्ताह मे महिन्यात येतो. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी, अंगावर ऊन आणि गावात फक्त लग्नाची गर्दी. पोस्टर नाहीसे केले नाही, पण भिस्त आशाताईंवर ठेवली. पहिल्याच प्रशिक्षणात एक ताई वैतागून म्हणाली, "आणखी एक रजिस्टर?" मी म्हटले, "रजिस्टर नाही, एक वाक्य." ते वाक्य असे: आई म्हणाली की डोळ्यात चमकतं, किंवा डोळा तिरळा दिसला, तर वाद घालायचा नाही, थेंब घालून पडदा तपासणाऱ्या डॉक्टरकडे याच आठवड्यात पाठवायचे. वाक्य त्यांनी तिथल्या तिथे पाठ केले. 'डोळा दाखवा' यापेक्षा 'थेंब घालून दाखवा' हे सांगणे महत्त्वाचे आहे, हेही त्यांच्या लगेच लक्षात आले. अर्ध्या तपासणीवर समाधान मानून परतलेली घरे त्यांनी आमच्याहून जास्त पाहिलेली होती.

यातून आलेल्या बहुतेक मुलांना कर्करोग नसतो. कुणाला नुसता तिरळेपणा, कुणाला जन्मजात मोतीबिंदू. 'मग एवढी धावपळ कशाला?' असे बैठकांत हमखास विचारले जाते. माझे उत्तर सोपे आहे. जन्मजात मोतीबिंदू वेळेत काढला नाही, तर त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतच नाही. ते मूल आमच्या विभागाचे नसेल, पण ते उगाच आलेले नसते.

तपासणीच्या जागाही तयार आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. पण ही गाठ सहा महिने थांबत नाही, आणि सहा महिन्यांच्या बाळाला अंगणवाडीत कोण आणून बसवते? लसीकरणाला मात्र तेच बाळ येते: सहा, दहा, चौदा आठवड्यांना, नवव्या महिन्यात, पुन्हा दीड वर्षाच्या आसपास. सुई टोचण्याआधी बाळाच्या दोन्ही बाहुल्यांवर प्रकाश टाकून लाली सारखी दिसते का, एवढे पाहायला काही क्षण पुरतात. मला संधी मिळेल त्या प्रत्येक सभेत मी हे मांडते.

निदान झाले म्हणजे उशीर संपला असेही नसते. बीडकडचे एक जोडपे आले तेव्हा दिवाळी झाली होती. मुकादमाची उचल घेऊन झालेली, ट्रक ठरलेला. केमो दर तीन-चार आठवड्यांनी, आणि ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत. आई लेकराजवळ राहिली तर फडात नवराबायकोच्या जोडीऐवजी अर्धाच कोयता उरतो आणि उचल फिटत नाही. महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च बसतो, पण बाळाचे नाव रेशनकार्डावर चढलेले नसते, जन्माचा दाखला गावी राहिलेला असतो. हे सगळे जुळवणे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ज्यांना पुढच्या उपचाराला मुंबईत टाटा रुग्णालयात जावे लागते, त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा सेंट जूड यांची निवासकेंद्रे यांचे महत्त्व औषधाइतकेच असते. छप्पर नसेल तर माणसे तिसऱ्या सायकलनंतर घरी जातात.

उपचार आता पुष्कळ आहेत. शिरेतून केमो, लेझर, गोठवून गाठ मारणे, जांघेच्या धमनीतून बारीक नळी डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन तिथेच औषध सोडणे. ठरावीक आकाराच्या गाठीवर रुथेनियम-106 ची किरणोत्सारी चकती डोळ्याला शिवतात. ती आता तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या रुथेनियमपासून बनवते. पण उशिरा आलेल्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच सुरक्षित मार्ग उरतो: डोळा काढणे. "आधी तुकडा काढून तपासा की," असे बाप म्हणतो. इतर गाठींत ते बरोबर आहे, इथे सुई घातली तर गाठीच्या पेशी बाहेर पसरायची भीती असते. मग फोनवर आजोबा येतात, काका येतात. मुलगी असेल तर "लग्नाचं काय?" हा प्रश्न दूधपित्या लेकरासाठी विचारला जातो. काही कुटुंबे त्या रात्रीच निघून जातात. त्यातली काही डोळा बाहेर आल्यावर परततात, काही परततच नाहीत.

अशा वेळी मी कमी बोलते. तपासणीला आलेल्या जुन्या पालकांना खोलीत बोलावते. त्यांच्यातला एखादा चौथीतला पोरगा खुर्चीवर चढून विचारतो, "ओळखा, माझा खोटा डोळा कुठला?" आजोबा दोनदा चुकतात. कृत्रिम डोळा बनवणारा तंत्रज्ञ दुसऱ्या डोळ्याकडे पाहत ॲक्रिलिकवर बुबुळ रंगवतो, पांढऱ्या भागात लाल शिरांचे धागेसुद्धा घालतो. जखम भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, तो बसतो. चेहरा वाढतो तसा बदलावा लागतो. माझ्या तासभराच्या समजावणीने न हललेली घरे त्या पोराच्या एका प्रश्नाने सही करायला तयार झालेली आहेत. अर्थात काढलेल्या डोळ्याची तपासणी आणि पुढच्या फेऱ्या उरतातच. नसेत किंवा मागच्या थरात गाठ खोल शिरलेली सापडली तर केमो द्यावी लागते, हेही त्याच दिवशी सांगते.

सही झाल्यावर दाराशी थांबून बाया एक प्रश्न हळूच विचारतात: 'हे माझ्यामुळं झालं का?' सासरचे म्हणत असतात की पोटुशी असताना हिने ग्रहण पाळले नाही. मी त्यांना आरबी1 या जनुकाबद्दल सांगते. सायकलला पुढचा आणि मागचा असे दोन ब्रेक असतात, तशा या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. दोन्ही निकामी झाल्या तरच पेशी बेलगाम वाढतात. सुमारे 60 टक्के मुलांत दोन्ही बिघाड डोळ्यातल्याच एखाद्या पेशीत घडतात. उरलेल्या 40 टक्क्यांत एक बिघाड जन्मापासून शरीरभर असतो, त्यामुळे आजार लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत येतो. पुढच्या पिढीत तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी. पण त्यांच्यातही बहुतेकांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो, बिघाड नव्यानेच झालेला असतो, आणि असे नवे बिघाड मुख्यतः बापाकडून आलेल्या प्रतीत आढळतात. हे मी सासूबाईंसमोर मुद्दाम सांगते. दोष बापावर ढकलायला नाही. ग्रहणाचा हिशेब तिथेच मिटावा म्हणून. मग लगेच विषय भावंडांकडे वळवते, कारण पाठच्या बाळाचा पडदा जन्मल्याबरोबर तपासला तर गाठ अगदी बारीक असतानाच हाती लागू शकते.

दोन बिघाडांची ही कल्पना कोणा मोठ्या यंत्रातून आलेली नाही, याचे मला फार अप्रूप आहे. ह्यूस्टनमधले आल्फ्रेड नुडसन या बालरोगतज्ज्ञांनी 1971 मध्ये 48 मुलांच्या नोंदी घेतल्या, कोणाला एका डोळ्यात, कोणाला दोन्हींत, कोणत्या वयाला, एवढे मांडले आणि गणिताने निष्कर्ष काढला. जनुक प्रत्यक्ष हाती लागले 1986 मध्ये. कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी वेगळे काढलेले ते पहिलेच. साऱ्या कर्करोगशास्त्राला वळण देणारा विचार केसपेपरवर नीट लिहिलेल्या वयांतून निघाला. फॉर्म भरायचा कंटाळा आलेल्या नव्या मुलींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

वयाचे महत्त्व जगाच्या पातळीवरही दिसले. 2017 साली 153 देशांत निदान झालेल्या 4,351 मुलांची माहिती एकत्र करणारा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदानाचे मध्यक वय सुमारे 14 महिने, गरीब देशांत सुमारे 30. निदानाच्या वेळीच आजार शरीरात इतरत्र पसरलेला असण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत 0.3 टक्के, तर सर्वांत गरीब देशांत जवळजवळ 19 टक्के. गाठ सगळीकडे सारखीच वाढते. मधले ते सोळा महिने कशात गेले, याचा थोडासा हिशेब आमच्या फॉर्मांत आहे.

अलीकडे आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: 'तपासायला चला, असे आधी कोण म्हणाले?' उत्तरांत चुलतसासू आहे, लस देणारी सिस्टर आहे, फोटोग्राफर आहे, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई आहे. जिथे असा कोणी भेटला, तिथे लक्षण दिसल्याची आणि पडदा तपासल्याची या दोन तारखांमधले अंतर कमी झालेले दिसते.

विभागाचा अहवाल तयार होताना शिफारशींच्या यादीत आधी उपकरणे होती, मग प्रशिक्षणे. मी वरच्या बाजूला एक ओळ घातली: डोळ्यात चमक दिसते ही आईची तक्रार, तपासणाऱ्याला टॉर्चने काही दिसो वा न दिसो, पुढे पाठवायला पुरेसे कारण मानावी. "याने गर्दी वाढेल," असा आक्षेप आला. वाढेलच, असे मी म्हटले. चर्चा बराच वेळ चालली, उपकरणांची यादी दोनदा छाटली गेली, आणि ती ओळ पहिल्या क्रमांकावर राहिली.